थोरलं मैदान, धाकलं मैदान

“आई, आता तुम्हीच सांगा. थोरलं की धाकलं?”

सबनीस साहेबांनी नकाशा माझ्या ताटाशेजारी सरकवला. ताटात उकडलेला बटाटा आणि माशाचा तुकडा. दोन्हीला चव म्हणून नाही. मी पिशवीतली लसणाची चटणी काढून त्यावर पेरत होते आणि आम्ही उतरलो होतो त्या घराची मालकीण दारातून टक लावून बघत होती. म्हटलं बघ बाई, शिकून घे.

थोरलं आणि धाकलं ही नावं मीच ठेवलेली. त्या गोल्फच्या मैदानांची खरी नावं घ्यायला गेलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले, तीही गुरं सांभाळून. स्कॉटलंड हे देशाचं नाव पाठ करायलाच मला विमानातला सगळा वेळ लागला.

सात वर्षं झाली या गोष्टीला. आम्ही चौघं होतो. माझा मुलगा दिगंबर, सून वृंदा, दिगूच्या कंपनीतून त्याच वर्षी निवृत्त झालेले सबनीस साहेब आणि मी. दोघे पुरुष गोल्फ खेळायला आलेले, वृंदा फोटो काढायला. आणि मी? ज्या खेळापायी माझ्या नवऱ्याच्या तीस वर्षांत किती चपला झिजल्या त्याला गणती नाही, तो खेळ निघाला तरी कुठून हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

बघितलं, तर समुद्राच्या कडेचं गायरान! वाळूचे उंचवटे, त्यावर बोटभर गवत, झाड औषधाला नाही. सबनीस साहेबांनी समजावून सांगितलं, की समुद्र मागे हटला तेव्हा ही पट्टी उरली. इथं ना पीक येतं ना घर बांधता येतं, म्हणून लोकांनी मेंढरं सोडली आणि मेंढरांमागे चेंडू. याला लिंक्स म्हणतात. मी म्हटलं, “आमच्याकडे अशा जमिनीला पडीक म्हणतात आणि तिच्यावरून भावाभावांत डोकी फुटतात.” साहेब खो खो हसले. माणूस तसा भला.

सहा दिवसांत त्यांची तीन मैदानं खेळून झाली होती. हातात एकच दिवस होता, दुसऱ्या दिवशीचा शनिवार. थोरलं मैदान उत्तरेला, दोन तास गाडीनं, एका वेळी एकच गाडी जाईल अशा रस्त्यानं. तिथं खेळायचं म्हणून साहेबांनी वर्षभर आधी नाव लावलं होतं. धाकलं मैदान होतं समोरच्या बेटावर. सकाळच्या बोटीनं जायचं, संध्याकाळच्या बोटीनं परत. तिथं माणूसच नाही. पत्र्याच्या खोपीत एक वही ठेवलेली, तीत आपलं नाव लिहायचं आणि खेळायचं.

साहेबांना थोरलं हवं होतं. दिगूला धाकलं. दोन दिवस दोघं अगदी गोड बोलून भांडत होते. 

“साहेब, बेटावरचं मैदान कोणी बघितलेलं नसतं. मेंढ्या चरतात तिथं अजून,” दिगू म्हणाला.

“अरे, मेंढ्या बघायच्या तर मी नगर जिल्ह्यात गेलो असतो!”

“तिथली हवा—”

“हवा दोन्हीकडे तीच आहे, दिगंबर. अंगावरचे कपडे उडवणारी.” साहेब माझ्याकडे वळले. “म्हणून म्हटलं आईंना विचारू. आई, बोला.”

त्यांना वाटलं असेल, म्हातारी गमतीनं कुठल्या तरी एकावर बोट ठेवील. मी चटणीची डबी बंद केली आणि नकाशा समोर घेतला.

“वारा कुठून येतो?”

“दोन्हीकडे पश्चिमेकडून.”

“गवत यंत्रानं कापतात की मेंढरंच खातात?”

“थोरल्याला यंत्र. धाकल्याला मेंढ्या. चेंडू घालायचं भोक असतं ना, तेवढ्याला तारेचं कुंपण.”

“आणि बॅगा कोण उचलतं?”

साहेबांची कळी खुलली. “हा खरा प्रश्न! थोरल्याला कॅडी असतात, नामांकित. दिगंबरसाठी मी एक खास सांगून ठेवलाय. अडुसष्ट वर्षांचा म्हातारा, चाळीस वर्षं त्याच मैदानावर बॅगा उचलतोय. वाळूचा कण न् कण ओळखतो म्हणे.”

“आणि धाकल्याला?”

“तिथं कोण असणार? आपली बॅग आपल्या खांद्यावर.”

दिगूचा काटा ताटातच थांबला. तो खिडकीबाहेर बघायला लागला, जसं काही बाहेर लग्नाची वरात चाललीय.

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. निदान मला तसं वाटलं.

सहा दिवस मी बघत होते. प्रत्येक मैदानावर कोणी ना कोणी बॅग उचलायला पुढं व्हायचं, निदान ढकलगाडी तरी आणून द्यायचं. दिगू ‘नो, नो’ करत ते धूड स्वतःच्या खांद्यावर टाकायचा. त्याच्या कमरेत चमक भरते. वृंदा आदल्याच दिवशी मला म्हणाली होती, “आई, तुम्ही तरी सांगा यांना. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केलीय. पुण्याच्या क्लबातही हे कॅडी घेत नाहीत. लोक हसतात.”

मी दिगूच्या पाठमोऱ्या मानेकडे बघितलं. म्हटलं, अस्सं. एवढं आहे तर.

माझा नवरा, एकनाथ, लष्कराच्या छावणीतल्या गोल्फ मैदानावर कॅडी होता. नाशिकजवळ आमचं गाव छावणीला चिकटून. छातीला पितळी बिल्ला, त्यावर नंबर सत्तावीस. पहाटे सगळे कॅडी झाडाखाली रांगेनं बसायचे आणि मुकादम नंबर पुकारायचा. ज्याचा नंबर, त्यानं पुढं येईल त्या साहेबाची बॅग उचलायची. मोठा साहेब, छोटा साहेब, शिव्या देणारा, न देणारा, निवड करायची नाही. बॅगेला नाही म्हटलं, की आठवडाभर रांगेच्या शेवटी. सोमवारी मैदान बंद असायचं, तेव्हा कॅडींना खेळायची मुभा होती. त्या सोमवारांतच यांनी दिगूला खेळ शिकवला, मोडक्या काठीला दोरा गुंडाळून.

आणि आता हा कंपनीतला मोठा साहेब झालेला पोरगा कॅडींच्या वाटेलाच जात नव्हता. का? तर कॅडी दिसला की बाप आठवतो, आणि इथं तर आई सोबत आहे. आई कॅडी बघील, आईला नवरा आठवेल आणि सबनीस साहेबांसमोर तिचं तोंड सुटेल. बापाची लाज! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“थोरलं,” मी म्हटलं. “आणि साहेब, का ते पण सांगते. माझा नवरा बॅगा उचलायचा. तीस वर्षं. त्या उचलल्या म्हणून हे चिरंजीव शिकले. त्यांना सांगायला जड जात असेल, मला नाही जात.”

वृंदाचा चमचा खाली पडला. घरमालकीण सुद्धा दारातून आत सरकली, तिला काय कळलं देव जाणे.

साहेब शांतपणे म्हणाले, “आई, ते मला ठाऊक आहे.”

“कोणी सांगितलं?”

“यानंच. अठरा वर्षांपूर्वी नोकरीच्या मुलाखतीला आला होता. मी विचारलं, गोल्फ कुठं शिकलात? म्हणाला, माझे वडील कॅडी आहेत, त्यांनी शिकवलं. समोर पाच जण बसले होते. मी त्याला घेतला तो त्या उत्तरावर.”

मला काय बोलावं सुचेना. असं माझ्या आयुष्यात दोनदाच झालं आहे.

दिगू उठला. “मी जरा पाय मोकळे करून येतो,” म्हणाला आणि दार लोटून गेला. 

वृंदा माझ्याकडे न बघता ताटं उचलायला लागली. ती कधी उलट बोलत नाही, पण तिचं न बघणं मला कळतं. साहेब चष्मा पुसत बसले. मी मात्र विचारात पडले. लाज नाही, तर मग काय? डॉक्टरांचं ऐकत नाही, कमरेची काशी करून घेतो, लोक हसले तरी चालतात, पण कॅडी नको. मला कोडं पडलं की मी ते सोडवल्याशिवाय झोपत नाही. मी शाल घेतली आणि त्याच्यामागे निघाले. 

संध्याकाळचे सात वाजले होते, पण त्या देशात ऊन आपल्या चारच्यासारखं. घरासमोरच वाळू होती. दिगू पाण्याच्या कडेला उभा होता. साडीखाली सुनेनं घालायला लावलेले बूट, त्यांत वाळू भरलेली, अशी मी धापा टाकत पोचले. 

“काय रे, मी चुकले म्हणायला इथवर आणलंस का?”

“तू आणि चुकलीस म्हणणार?”

“नाही म्हणणार. पण अर्धी चुकले असेन. उरलेलं अर्धं तू सांग.”

मी एका खडकावर बसले. बूट काढले, वाळू झाडली, पुन्हा घातले. आपलं माणूस बोलणार असेल तर त्याला वेळ द्यावा एवढं मला कळतं, फक्त जमत नाही. त्या दिवशी जमवलं.

“आई, पहिली नोकरी लागली होती तेव्हाची गोष्ट आहे,” तो म्हणाला. “सबनीस साहेबांच्या कंपनीच्या आधीची. आमच्या तिथल्या मॅनेजरनं खेळायला नेलं होतं. छावणीच्याच मैदानावर.”

“आपल्या? मला नाही कळवलंस ते!”

“गुरुवार होता. बाबा गुरुवारी जात नाहीत म्हणून मी हो म्हटलं.”

हे गुरुवारी घरी असायचे. पण एका गुरुवारी मी त्यांना घराबाहेर काढलं होतं, चांगलं आठवतं. ओटा सारवायचा होता आणि हे मध्येमध्ये. म्हटलं, “घरात बसून अंडी उबवायचीत का? जा मैदानावर.” आणि ते गेले. 

“पुढं?”

“पुढं काय. चार बॅगा होत्या. मुकादमानं चार नंबर पुकारले. माझ्या बॅगेला सत्तावीस.”

लाटा येत होत्या, जात होत्या. पाण्यावर पांढरे पक्षी ओरडत होते, अगदी मांजरासारखे. 

“बाबा आले. माझ्याकडे बघितलं. मी म्हणणारच होतो, आई, खरंच तोंडात शब्द आला होता, की हे माझे वडील. तेवढ्यात मॅनेजर कशावर तरी हसला आणि माझा शब्द गिळला गेला. बाबांनी बॅग खांद्यावर घेतली. म्हणाले, ‘चला साहेब.’”

“तुला साहेब म्हणाले?”

“अठराही भोकं. ‘साहेब, वारा उजवीकडून आहे.’ ‘साहेब, इथं हळू मारा.’ प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता सांगू, आता सांगू. जितका उशीर केला तितकं सांगणं अवघड होत गेलं. शेवटी गाडीत बॅग ठेवताना ते हळूच म्हणाले, ‘आईला बोलू नकोस.’ बस. दोन वर्षांनी ते गेले. मध्ये कितीदा घरी आलो, तो विषय ना त्यांनी काढला ना मी.”

मग तो म्हणाला, “पुढच्याच मुलाखतीत मी सांगून टाकलं. पाच जणांसमोर. पण ते ऐकायला बाबा कुठं होते? तेव्हापासून दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर माझी बॅग मला बघवत नाही. थोरल्याचा तो म्हातारा माझ्यापुढं चालायला लागला ना, तर मी कोसळीन तिथं.”

मला रागवायचं होतं. तशी मी तयारही झाले होते. एकोणीस वर्षांपूर्वी हे कळलं असतं तर मी त्याला दारात उभा केला नसता. आणि नवऱ्याला? त्याला तर मी सळो की पळो केलं असतं, की तुम्ही पोराला साहेब म्हणालातच कसे! दोघांनाही हे माहीत होतं. बाप आणि लेक माझ्या जिभेला भिऊन गप्प बसले, एकमेकांशीसुद्धा.

आणि मग मला तो गुरुवारचा दिवस पुढं आठवत गेला. ओटा वाळला होता. हे घरी आले, पाय धुतले आणि—

“दिगू, तुझ्या काखेत टॉवेल असायचा का रे? शिकताना?”

तो चमकून वळला. “हो. डाव्या काखेत. बाबा म्हणायचे, काठी फिरवताना हात अंगापासून सुटला की टॉवेल पडतो. टॉवेल पडला की चेंडू गेला जंगलात. तुला काय माहीत?”

“मला तेव्हा नव्हतं माहीत. सोमवारी तुम्ही दोघं उजाडायच्या आत जायचा, मला कोण दाखवत होतं? पण त्या गुरुवारी हे आले ना, जेवले नाहीत आधी. टॉवेल डाव्या काखेत धरला, माझी खराट्याची काठी घेतली आणि अंगणात फिरवायला लागले. एकदा, दोनदा, दहादा. मी म्हटलं, डोक्यावर परिणाम झालाय का, खराटा ठेवा तो. तर म्हणाले, ‘आज एक पोरगं बघितलं. झकास खेळतं. फक्त टॉवेल सोडलाय त्यानं.’”

दिगू मटकन वाळूत बसला. 

“मला वाटलं कुठल्या तरी कर्नलचं पोरगं असेल. मी म्हटलं, मग सांगायचं होतं त्याला. तर म्हणाले, ‘त्याच्या मित्रांसमोर कसं सांगू? सांगीन कधीतरी.’ आणि रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. नंतर कितीतरी दिवस खराटा घेऊन चालायचं त्यांचं. मी शेजारणींना सांगून हसायचे.”

दिगूनं गुडघ्यांत डोकं घातलं. सत्तेचाळीसाव्या वर्षी पोरगं हमसून रडलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याच्या त्या दुखऱ्या कमरेच्या थोडा वर. बोलले काही नाही. आयुष्यात दोनदा म्हटलं ना, ती दुसरी वेळ.

तो शांत झाल्यावर मी उठले. “आता ऐक. थोरलं.”

“आई, अजून?”

“अजून. तो म्हातारा उद्या सकाळी झाडाखाली नंबर लावून बसेल.”

“तिथं झाडच नाही.”

“जिथं असेल तिथं बसेल! तू बॅग दिली नाहीस की त्याचा नंबर गेला. वाईट वाटतं म्हणून एकोणीस वर्षांत तू किती जणांचे नंबर घालवलेस, मोजलेस का कधी? तुझ्या बापाला बॅगेचं ओझं झालं नव्हतं. बॅग हे त्याचं काम होतं आणि तो ते कोणापेक्षाही चांगलं करायचा. तुझ्या तोंडातून एक वाक्य निघालं नाही, तेवढंच काय ते राहिलंय.”

“कुठलं वाक्य?”

“ते मी सांगू? मग तू कशाला शिकलास?”

दुसऱ्या दिवशी त्या एकगाडी रस्त्यानं आम्ही थोरल्याला गेलो. वाटेत वृंदानं न सांगताच माझ्या पाठीशी उशी सरकवली, म्हणजे राग गेला होता. साहेबांनी एकदाही का म्हणून विचारलं नाही.

म्हातारा दारातच उभा होता. लाल नाक, पांढऱ्या भुवया, गुडघ्यापर्यंत चढवलेले मोजे. नाव इअन. तो बॅगेकडे हात करून थांबला. दिगूचा हात पट्ट्यावर तसाच घट्ट. मग दिगूनं पट्टा सोडला. म्हाताऱ्यानं बॅग एका झोक्यात खांद्यावर घेतली, अगदी आमचे हे घ्यायचे तश्शी, डाव्या हाताचा अंगठा पट्ट्यात अडकवून. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी वाऱ्याला शिव्या दिल्या.

दिगू त्याच्याशी इंग्रजीत बोलायला लागला. माझ्याकडे बोट केलं, मग आभाळाकडे नाही, बॅगेकडे. बोलताना मध्ये एकदा अडखळला, पण थांबला नाही. साहेब शेजारी उभे होते आणि आणखी चार अनोळखी खेळाडू ऐकत होते. वृंदा माझ्या कानाला लागली, “आई, हे सांगतायत की माझे वडील हेच काम करायचे आणि त्यांनी एकदा माझी बॅग उचलली होती.”

म्हाताऱ्यानं टोपी काढली. माझ्यापुढं येऊन काहीतरी विचारलं. 

“काय म्हणतो?”

“विचारतोय, तुमच्या मालकांचा नंबर काय होता?”

“सत्तावीस,” मी मराठीतच सांगितलं आणि बोटांनी दाखवलं. त्यानं छातीवरचा बिल्ला पुढं केला. अकरा. आम्ही दोघंही मान हलवून हसलो. भाषेचं काही अडलं नाही.

सकाळचं ऊन तिरपं होतं, सावल्या लांब. दिगू पहिला चेंडू मारायला उभा राहिला तसा म्हातारा आपसूक दोन पावलं बाजूला झाला, आपली सावली चेंडूच्या वाटेवर पडू नये म्हणून. आमचे हे घरात जेवायला बसतानाही असेच बाजूला सरकायचे, कोणाच्या ताटावर सावली पडू नये म्हणून. मी त्यावरूनही त्यांना बोलत असे.

दिगूनं काठी उचलली, पुन्हा खाली ठेवली. माझ्याकडे आला आणि हात पुढं केला.

“काय पाहिजे?”

“टॉवेल.”

माझ्या पिशवीत चटणीच्या डबीभोवती गुंडाळलेला पंचा होता. लसणाचा वास येणारा. तोच दिला. त्यानं तो डाव्या काखेत धरला. म्हातारा ते बघून मोठ्यानं हसला आणि दोन्ही हातांनी टाळी वाजवली. त्याला अर्थ सांगावा लागला नाही.

काठी फिरली. चेंडू समुद्राच्या बाजूला गेला, वाऱ्यानं त्याला उचलून आत आणला आणि गवताच्या मधोमध ठेवला. सगळे चेंडूकडे बघत होते. दिगू तसाच उभा होता, हात वर, तोंड पलीकडे.

“आई, पडला का गं?” त्यानं मागं न वळता विचारलं.

“नाही पडला,” मी म्हटलं. “चल आता, बाकीचे खोळंबलेत.”